नलूताईंचे टक्के

"मगदूम अण्णा, हे दाते कापायचं काम किती टक्के झालंय?" मी विचारलं.

"होत आलंय की."

"ते कळलं. टक्क्यांत सांगा."

मगदूम अण्णांनी वर छताकडे पाहिलं, मग शेजारच्याकडे पाहिलं आणि शेवटी नाइलाजानं माझ्याकडे पाहिलं. "टक्क्यांत बी होतच आलंय."

सगळं कँटीन हसलं. मीही हसलो, पण माझं हसणं शहाण्या माणसाचं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि जगातलं बहुतेक सगळं मला येतं अशी माझी खात्री होती. पुण्याच्या आमच्या कंपनीनं मोठमोठ्या कारखान्यांची कामं आखण्यासाठी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. मोठं काम त्यात लहान लहान कामांत तोडायचं, प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव घालायचं आणि त्या माणसानं रोज संध्याकाळी आपलं काम किती टक्के झालं तो आकडा भरायचा. मग माल कधी तयार होईल ती तारीख सॉफ्टवेअर आपोआप काढून देणार. हे सगळं लोकांना शिकवायला मला सांगलीजवळ कुपवाडला, बेडगे गिअर्स नावाच्या कारखान्यात पाच दिवसांसाठी पाठवलं होतं. साखर कारखान्यांना लागणारे, पुरुषभर उंचीचे गिअरबॉक्स तिथे तयार होत. वर्गाला दुसरी जागा नव्हती म्हणून कँटीनमध्येच शिकवणी होती आणि माझा प्रोजेक्टर तिखट-मिठाच्या बरण्यांमध्ये उभा होता.

पहिल्या बाकावर एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. वर्गात बाई त्या एकट्याच. पेन्सिलीला टोक काढून, वही उघडून तयार. त्यांनी हात वर केला.

"सर, हा टक्क्याचा आकडा कुणी सांगायचा? काम करणाऱ्यानं की काम ज्याचं अडलंय त्यानं?"

"काम करणाऱ्यानंच की," मी त्यांच्याच हेलात म्हणालो आणि स्वतःवर खूश झालो.

"बरं," त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. ते काय होतं हे विचारावं असं मला वाटलं नाही.

त्या नलिनी खोत. कारखाना त्यांना नलूताई म्हणायचा. शॉपमध्ये, म्हणजे मशिनींच्या शेडमध्ये, जायच्या दाराशी त्यांचं टेबल होतं, त्यावर एक फोन आणि एक लाँगबुक. कुठला जॉब कुठवर आला हे प्रत्येक खात्याला विचारत राहायचं, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्या बावीस वर्षं करत होत्या. सगळे त्याला फॉलोअपचं टेबल म्हणत.

दुपारी मालकांचे चिरंजीव प्रसन्नसाहेब यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. माणूस मोकळा होता, पण घाईत.

"शुक्रवारी जाचकसाहेब येणार आहेत. नगरकडच्या साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर. त्यांचा गिअरबॉक्स आपल्याकडे आहे. एक नोव्हेंबरला त्यांना मोळी टाकायचीय, हंगाम चालू. त्यांना मला हे स्क्रीनवर दाखवायचंय. फोनाफोनी नाही, विचारपूस नाही. बटण दाबलं की तारीख."

"दाखवू की."

"आणि अजून एक. हे सुरू झालं की ते फॉलोअपचं टेबल लागत नाही ना?"

"नाही. त्यासाठीच तर हे आहे," मी म्हणालो. हे वाक्य आमच्या माहितीपत्रकातच होतं.

"मग तुमच्या शुक्रवारच्या रिपोर्टात तसं लिहून द्या. नलूताईंना पॅकिंगला देतो. मी आपणहून हलवलं तर वडील ओरडतील. तुमच्या कागदावर असलं की बरं पडतं."

मी होकार दिला. पाच मिनिटांनी कँटीनमध्ये आलो तर नलूताई माझ्यासाठी ताट वाढून थांबल्या होत्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. "कँटीनचं खाऊ नका. पुण्याच्या पोटाला सोसत नाही," त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून जेवू लागलो.

"पॅकिंगला बोलले ना मला?" त्यांनी विचारलं.

मी हातातला घास ताटात ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? बावीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडावरनंच तर काम चालवलंय. तुम्ही केबिनमधून आलात ते माझ्याकडं न बघता. चटणी घ्या अजून." त्यांनी चटणी वाढली. "पॅकिंगला पंखा आहे म्हणतात. माझ्या टेबलाला नाही. तेवढंच एक बरं."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की मला त्यांचा रागच आला. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. वर पुन्हा पहिल्या बाकावर बसून त्या शिकतही होत्या सगळ्यांत जोरात! मंगळवारी दुपारपर्यंत इतरांना माउस धरता येत नव्हता, तर नलूताई नवीन ओळी घालत होत्या, नावं जोडत होत्या. ज्या यंत्रानं त्यांची खुर्ची जायची ते यंत्र त्या कारखान्यात सगळ्यांआधी शिकल्या.

मंगळवारी संध्याकाळी सगळ्यांनी आकडे भरले. मी मोठ्या उत्साहानं पडदा उघडला आणि बघतो तर काय, खाली वर जिकडेतिकडे नव्वद. दाते कापणं नव्वद, बेअरिंगची खरेदी नव्वद, गिअरबॉक्सच्या पेटीचं मशीनिंग नव्वद, रंगकामसुद्धा नव्वद. रंगवायची पेटी अजून मशीनवर होती, तरी!

"मगदूम अण्णा, सगळ्यांचं नव्वदच कसं?"

"त्याचं असं हाय सर," अण्णांनी माझी कीव करत समजावलं, "ऐंशी भरलं तर साहेब इचारणार, अजून का न्हाई झालं? शंभर भरलं तर म्हणणार, दाखवा बघू. नव्वदला कुणी बोलत बी न्हाई आणि दाखवा बी म्हणत न्हाई. लई चांगला आकडा हाय तो."

फक्त एकाच ओळीत वेगळा आकडा होता. भट्टीवरच्या दस्तगीर चाचांनी पिनियन कडक करायच्या कामापुढे दहा भरलं होतं. पिनियन म्हणजे जोडीतलं लहान दातेरी चाक. चाचा शांत, बारीक चणीचे, साठीला आलेले. मी विचारलं, "चाचा, तुमचं इतकं मागे का?" तर म्हणाले, "बघू या की. थंड झाल्यावर बोलू." ती एक ओळ पडद्यावर लाल झाली. बाकी सगळं हिरवंगार.

बुधवारी मी दुप्पट जोर लावला. गोष्टी सांगितल्या, दरडावलं, गोड बोललो. आकडे नव्वदचे ब्याण्णव झाले. दुपारी पुण्याहून आमच्या परचुरे सरांचा फोन आला तेव्हा मी नलूताईंच्या टेबलापाशीच उभा होतो.

"नेवाळकर, ट्रेनिंग कुठवर आलं?"

"होत आलंय सर," मी म्हणालो.

फोन ठेवला तर नलूताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. खांदे हलत होते.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्हीपण आमच्यातलेच निघालात."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा, इथं प्रत्येकाचं 'होत आलंय' वेगळं असतं. तुमचं म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. नवीन आहात. आठवडाभर द्या, सांगते."

मला वाटलं, बाई गंमत करतायत. त्यांनी मात्र लाँगबुक उघडून माझ्यासमोर सरळ एक नवीन पान आखलं आणि वर 'नेवाळकर सर' असं लिहिलं.

शुक्रवार उजाडला. जाचकसाहेब अकराच्या ठोक्याला आले. उंच, कपाळाला आठ्या, आडनाव शोभेल असा चेहरा. कँटीनमध्ये सगळे खातेप्रमुख कडक इस्त्रीत बसले होते. संगणकावर मी नलूताईंना बसवलं होतं, कारण त्यांच्याइतक्या सफाईनं ते चालवणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी मात्र ती गोष्ट स्वतःला अशी सांगितली होती की निदान शेवटच्या दिवशी तरी बाईंना मान मिळू दे. माझ्या बॅगेत रिपोर्ट तयार होता आणि त्यात त्या टेबलाबद्दलचं वाक्य टाईप झालेलं होतं.

मी भाषण केलं. प्रसन्नसाहेबांनी मान डोलावली. नलूताईंनी बटण दाबलं आणि पडद्यावर तारीख आली: तेरा ऑक्टोबर, मंगळवार.

"मंगळवारी?" जाचकसाहेबांच्या आठ्या प्रथमच सैल झाल्या. "वा! मग मी क्रेन सांगून ठेवतो. क्रेनवाला एकदा आला की परत महिनाभर मिळत नाही." त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"साहेब," नलूताई म्हणाल्या, "मंगळवारी नका सांगू."

प्रसन्नसाहेबांचा चेहरा उतरला. "नलूताई, तुम्हाला कुणी..."

"क्रेन येऊन रिकामी उभी राहील साहेब. मग यांचा हंगाम अडेल आणि नाव आपलं जाईल." त्यांचा आवाज जरा कापत होता, पण थांबला नाही. "बावीसला सांगा. गुरुवारी सकाळी."

"पण इथं तर एक ओळ सोडून सगळं हिरवं आहे," जाचकसाहेब पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"सॉफ्टवेअरची चूक नाही साहेब. त्याला जे सांगितलं ते त्यानं खरं मानलं. परगावचं आहे ते." त्या मगदूम अण्णांकडे वळल्या. "अण्णा, रागवू नका. तुमचं 'होत आलंय' म्हणजे जॉब अजून मशीनवर चढलेला नसतो."

"अहो ताई!" अण्णा उभे राहिले. "असं चारचौघांत..."

"आणि चाचांचं 'बघू' म्हणजे काम झालेलं असतं. त्या लाल ओळीची काळजी करू नका. खरेदीवाले 'माल निघालाय' म्हणतात तेव्हा नुसता फोन झालेला असतो, त्यात चार दिवस धरायचे. आणि सर," हे मला होतं, "तुमच्या कॅलेंडरात खंडेनवमी नाही. सोमवारीच बघितलं मी. त्या दिवशी मशिनी पूजेला असतात. इथं कुणी लोखंडाची एक चिपही पाडणार नाही."

माझे कान तापले. खंडेनवमी! पुण्याच्या ऑफिसात बसून सुट्ट्या भरताना ती मला आठवलीच नव्हती.

जाचकसाहेबांनी मोबाईल खिशात ठेवला. "चला," ते म्हणाले, "बघूनच येऊ."

आम्ही सगळी वरात घेऊन शॉपमध्ये गेलो. पुढे जाचकसाहेब, मागे घाम पुसणारे प्रसन्नसाहेब, त्यांच्यामागे मी. दाते कापायच्या मशीनजवळ ते भलंमोठं चाक जमिनीवर आडवं पडलं होतं. ब्याण्णव टक्के झालेलं ते चाक पूर्ण गोल, गुळगुळीत होतं. त्याला एकही दाता नव्हता. उलट त्याच्या मधोमध मगदूम अण्णांचा जेवणाचा डबा, तांब्या आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र अगदी नीटनेटकं मांडलेलं होतं.

मग अण्णाच हळू आवाजात म्हणाले, "कटर धारेला गेलाय मिरजेला. कटर आला की चढवतोच की."

जाचकसाहेबांनी डब्याकडे पाहिलं. "आणि डबा किती टक्के झालाय?"

"तो... तो शंभर झालाय साहेब," अण्णा म्हणाले.

आधी जाचकसाहेब हसले. हसताना तो माणूस एकदम दुसराच दिसू लागला. मग सगळे हसले, प्रसन्नसाहेबसुद्धा, आणि अण्णा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तसेच आम्ही भट्टीवर गेलो. चाचांनी काही न बोलता लाकडी खोक्याचं झाकण उचललं. आत चारही पिनियन तेलकट कागदात गुंडाळून तयार होती.

"चाचा, हे झालंय की! दहा का भरलं?" मी विचारलं.

"सर, फार वर्षं झाली. भट्टीतनं काढलं आणि मी म्हणलो, झालं. रात्रीत थंड होताना तडा गेला जॉबला," चाचा म्हणाले. "तवापासनं मी झालं म्हणत न्हाई. दोन दिवस ठेवतो, वाजवून बघतो. नलूताईला ठाव हाय."

नलूताईंनी लाँगबुक जाचकसाहेबांपुढे धरलं. प्रत्येक पानावर एक नाव आणि दोनच रकाने. एकावर लिहिलं होतं 'म्हणतात', दुसऱ्यावर 'आहे'. बावीस वर्षांच्या अशा वह्या त्यांच्या कपाटात होत्या. सोमवारी मी त्यांच्या प्रश्नाला ज्या ऐटीत उत्तर दिलं होतं ते मला आठवलं आणि भयंकर लाज वाटली.

"लोक खोटं बोलतात असं नाही साहेब," नलूताई म्हणाल्या. "माणसाला नाही म्हणायला जड जातं. म्हणून तो पुढचं आजच बोलून टाकतो. आपण तेवढं वजा करायचं."

जाचकसाहेबांनी वही दोनदा वाचली. "बेडगे, मला बावीस चालेल. बावीसला आमच्याकडे अजून वेळ आहे. खोटा मंगळवार मला नको होता." मग नलूताईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचा फोन नंबर द्या. इथली तारीख मी इथून पुढे तुम्हालाच विचारणार."

नलूताईंनी प्रसन्नसाहेबांकडे पाहिलं. "मी सोमवारपासून पॅकिंगला आहे साहेब."

प्रसन्नसाहेबांनी डोक्यावरून हात फिरवला आणि ते हसले. "पॅकिंगचं राहू दे नलूताई."

"बरं. मग तो पंखा तेवढा इकडं आणा."

पंखा अर्ध्या तासात आला. तो बसवायला अण्णाच स्टुलावर चढले.

मी कँटीनच्या कोपऱ्यात बसून रिपोर्टातलं ते वाक्य खोडलं. त्या दुपारी मी इतका आनंदात होतो की शिट्टी वाजवत होतो. मग सॉफ्टवेअरमध्ये आकड्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना वाढवला. तारीख ह्या दुसऱ्या रकान्यावरून निघेल अशी व्यवस्था केली. नाव दिलं 'खरे टक्के'. त्यावर मगदूम अण्णांनी हरकत घेतली.

"त्ये खरे म्हंजे आमचे खोटे का? असं न्हाई चालायचं."

बरीच चर्चा झाली. शेवटी सर्वानुमते त्या रकान्याचं नाव 'नलूताईंचे टक्के' ठरलं. तो भरायचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. संध्याकाळी अण्णा स्वतः त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारत होते, "ताई, मला किती दिलंत आज?"

"शून्य."

"कटर आलाय की मिरजेहून!"

"आला? मग पाच."

अण्णा पाच मिळाल्याच्या आनंदात चहा सांगायला गेले.

निघायची वेळ झाली. प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण झालं असा सही-शिक्क्याचा कागद घेऊन मला पुण्याला जायचं होतं. तो मिळाला तरच माझी नोकरी पक्की होणार होती. मी कागद प्रसन्नसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"एक मिनिट. आता नियम झालाय ना? नलूताईंनी काय भरलंय बघू."

त्यांनी स्क्रीन उघडला. सगळ्यात खाली एक नवीन ओळ होती. काम: सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण. जबाबदारी: नेवाळकर सर. टक्के: शंभर. हे मीच दुपारी भरलं होतं. शेजारच्या रकान्यात नलूताईंचे टक्के: चाळीस. आणि पुढे शेरा होता: 'भरायला शिकवलं. खरं भरायला शिकवायचं राहिलंय.'

मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. नवा पंखा फिरत होता आणि लाँगबुकाची पानं फडफडू नयेत म्हणून त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला होता. माझंच पान उघडं होतं.

"नलूताई, चाळीसच?"

"पस्तीस लिहिणार होते," त्या म्हणाल्या. "पण कँटीनच्या कोपऱ्यात ते वाक्य खोडताना बघितलं मी तुम्हाला. त्याचे पाच."

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. परचुरे सर.

"नेवाळकर, झालं का?"

सवयीनं 'होत आलंय' जिभेवर आलंही होतं. नलूताई वहीत मान घालून बसल्या होत्या, पण पेन्सिल थांबली होती.

"चाळीस टक्के झालंय सर," मी म्हणालो.

मग सर म्हणाले, "अजून किती दिवस?"

मी मनातल्या मनात माणसं मोजली, खाती मोजली. खंडेनवमी त्यानंतर येते हे कॅलेंडरात पाहून घेतलं.

"सहा दिवस, सर."

सहाच लागले.